पोचल्याचा फोन

बातमी आली त्या दुपारी मी ऑफिसशेजारच्या एका कापड-व्यापाऱ्याच्या गोदामात बसून त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारत होतो. "समजा, उद्या सकाळी इथलं सगळं जळून गेलं. तर कशावाचून तुमचं एक दिवसही चालणार नाही?"

"अहो, शुभ बोलायचे तुम्ही वेगळे घेता का?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

तेवढ्यात फोन वाजला. पुलावर अपघात झाला होता. सव्वातीन वाजता. माझी धाकटी बहीण जागच्या जागी गेली होती.

आमचा धंदाच आपत्तीचा. दवाखाने, छापखाने, दुकानं यांच्या संगणकांतल्या माहितीची रोज एक प्रत काढायची आणि ती लांब नेऊन ठेवायची, म्हणजे आग लागो की पाणी शिरो, दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हावं. प्रती डिस्कवर घ्यायच्या, डिस्क पेटीत ठेवायच्या, पेटीला सील करायचं. रोज तीन वाजता धाकटी ती पेटी स्कूटरला बांधून नदीपलीकडच्या एका इमारतीच्या तळघरात न्यायची. तिथे झाकणाचे तीस खण होते. एकतिसाव्या दिवशी सगळ्यात जुनी पेटी पुसून, म्हणजे तिच्या डिस्कवरची माहिती काढून टाकून, पुन्हा वापरायची.

नियम माझेच. पेटी ठेवली की तिने तळघरातून ऑफिसला फोन करायचा, "दादा, पेटी ठेवली." मी वहीत लिहायचं आणि तिला ऐकू जाईल असं म्हणायचं, "पोचली." हे दोन्ही झाल्याशिवाय वहीतली ओळ बंद होत नाही, आणि ओळ उघडी असेल तर ती पेटी पुसायची नाही.

कामात असलो तर मी तिला फोनवर ताटकळत ठेवायचो. मग ती ओरडायची, "अरे, म्हण की! तू म्हणेपर्यंत मी इथून हलायची नाही. नियम तुझाच ना?"

एकदा म्हणाली, "दादा, तुझीही एक प्रत काढून ठेवू या. वहिनीने सांगितलंय, जमलं तर बोलणारी काढा."

पुलावर स्कूटर सापडली. एक चप्पल सापडली. पेटी सापडली नाही. मी तिथल्या शिपायाला तीनदा पेटीबद्दल विचारलं. लोकांना वाटलं असेल, बहीण गेली आणि हा पेटी कसली शोधतोय. मला दुसरं काही विचारताच येत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यापासून पेट्या मीच न्यायला लागलो. तळघराच्या म्हाताऱ्या रखवालदाराला मी काही सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. रोज एक खण उघडायचा, पेटी ठेवायची, झाकण लावून निघायचं.

एकतिसाव्या दिवशी त्या खणाची पाळी आली. भर दुपार होती, पण तळघरात दिव्याशिवाय दिसत नाही. गार हवा, ओल्या लोखंडाचा वास, आणि भिंतीतल्या पंख्याची एकसुरी घरघर. मी रखवालदाराला म्हणालो, "हा खण रिकामाच असेल."

"रिकामा कसा? ताई ठेवून गेल्या की."

"कधी?"

"त्यांची शेवटची खेप ना? चारच्या सुमाराला आल्या. बोलल्या नाहीत फारशा... एका पायात चप्पल नव्हती. म्हटलं, तुटली असेल."

मी झाकण उघडलं. पेटी आत होती. सील माझ्या हातचं, जसंच्या तसं.

ऑफिसात येऊन मी डिस्क जोडली. ऑफिसच्या फोनवर होणारं बोलणंही आमच्याकडे नोंदलं जातं आणि तेही रोजच्या प्रतीत येतं. त्या दिवशी तीनपर्यंत अकरा फोन झाले होते. तीनला मी पेटी बंद केली होती. यादीत बारा होते. बारावा चार वाजून दहा मिनिटांचा. त्या वेळी ऑफिसला कुलूप होतं आणि मी इस्पितळाच्या आवारात उभा होतो.

मी तो लावला. आधी पंख्याची घरघर.

"दादा... पेटी ठेवली."

मग नुसता श्वास. बराच वेळ.

"म्हण की..."

चाळीस सेकंदांत संपलं.

मी अर्थातच त्याची प्रत काढली. आयुष्यभर दुसरं केलं काय? पाचदा काढली. प्रतीत अकराच फोन येतात.

शेवटी बायकोला ऐकवलं. पदर तोंडाशी धरून तिने ते दोनदा ऐकलं. मग हळूच म्हणाली, "म्हणा ना हो. किती वेळ उभी राहील ती?"

"आणि म्हटलं... तर?"

माझे नियम तिलाही पाठ आहेत. ओळ बंद झाली की पेटी पुसायची. तिच्या आधीच्या फोनांच्या पेट्या एकेक करून पुसून झाल्या; धाकटीचा आवाज आता दुसरीकडे कुठेही नाही.

माझ्या कामात मी एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आलो आहे: एकदा नोंदलं गेलेलं पुढे वाढत नाही. ते बोलणं पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांचं होतं. आठवड्याने पाहिलं तर सहा तासांचं. आता पूर्ण ऐकायला बसलो तर चार महिने लागतील. त्यात बोलणं नाही, नुसती घरघर आणि श्वास. मधूनच ती पाय बदलते. एक चप्पल वाजते, एक तळवा फरशीवर नुसता टेकतो.

आयुष्यभर मी तिला निघताना सांगत आलो, पोचलीस की फोन कर. तिने केला.

वही माझ्या टेबलावर उघडी आहे. त्या दिवसाच्या ओळीत 'तीन वाजता निघाली' एवढंच आहे. पुढचा शब्द मी अजून लिहिलेला नाही.