एका मुलीची शाळा

घण्... घण्... घण्! जेवणाच्या टेबलाशी पितळी घंटा वाजली आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "वाजव, वाजव! चांगल्या नोकरीला लाथ मारलीस, आता घर डोक्यावर घे!"

सुनेने घंटा खाली ठेवली. ज्या शाळेवरून तिने जीव ओवाळून टाकला होता, तीच तिने लेकीसाठी सोडली होती... बोलताना अडखळणारी ती कोवळी पोर वर्गाच्या हसण्याने अशी कोमेजली होती, की घरीसुद्धा तिच्या तोंडून शब्द फुटेना! आता मीच हिला घरी शिकवीन, हा आईचा निर्धार. पण शिकवणं म्हणजे काय, हे त्या हाडाच्या शिक्षिकेला एकाच रीतीने ठाऊक होतं. फळा आला, गणवेश आला. हजेरीत एकच नाव, तरी ते रोज खणखणीत पुकारलं जाई! तास चालू असताना 'बाई' म्हणायचं, लाड नाहीत, असा दंडकही आला.

"उभी राहा. पुढचा उतारा वाच."

मुलगी उभी राहिली. मग तिने हळूच हात वर केला, आणि कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकू आला.

"ब... बाई... मी आ... आईकडे जाऊ?"

खडू हातातून गळून पडला. जिला जवळ घ्यायला तिने सर्वस्व सोडलं, त्या लेकीला या घरात आईच सापडत नव्हती!

सासूबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. "जा ना बाळा, ती काय फळ्यापाशी उभी आहे तुझी आई," त्या म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "तुला उठता-बसता टोचून बोलले, चुकलंच माझं... एवढं कोण करतं गं पोरासाठी? पण पोरी, हिला शाळेतून सोडवलंस आणि शाळाच घरी घेऊन आलीस!"

"मला दुसरं काही येतच नाही हो, आई!" सुनेला हुंदका आवरेना.

"येईल. आण ती घंटा इकडे."

सासूबाईंनी घंटा फडक्यात गुंडाळून डब्यांच्या मागे सारली. आई खाली बसताच लेक धावत येऊन तिच्या मांडीवर चढली, आणि तिने आपणहून पुस्तक उघडलं.

"एक होता र... रा..."

एरवी आई 'पुढे!' म्हणाली असती. आज ती नुसती लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि त्याही शेजारी येऊन बसल्या. शब्द यायला बराच वेळ लागला. कुणालाच घाई नव्हती.