येतो म्हणून गेलेले

आगगाडीचं खूळ नत्थुजीच्या डोक्यातलं. सकाळी बडनेऱ्याला बसायचं, अकोल्याला उतरायचं, बाजारात एक चक्कर, पोटभर जिलबी आणि दिवेलागणीला परत घरी. वैशाख चालू होता, साल १८६७. बडनेऱ्याला गाडी येऊ लागून फार दिवस झाले नव्हते. "तीन मुक्कामाची वाट अर्ध्या दिवसात!" असं नत्थुजी भेटेल त्याला सांगत सुटला होता, जसे काही रूळ त्यानंच टाकले.

मी शालिकराम. सरकारी मोजणीत साखळी ओढतो. तेहतीस फुटांची साखळी बांधाबांधानं ओढत नेणं हे माझं काम, आणि आता नुसत्या नजरेनं अंतर सांगायची सवय जडली आहे. अंदाज फारसा चुकत नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही. पुढं अंतराचा प्रश्न येणार आहे आणि तेव्हा माझ्यावर शंका नको.

तिसरा जैनुद्दीन, कापूस पिंजणारा. आम्ही तिघं एका गावचे, एका वयाचे, आणि कापसाच्या तेजीत तिघांनीही बैलबंड्या हाकल्या होत्या. खरं सांगायचं तर चौघांनी. चौथा पुंजाराम. त्याची बायको गोदाबाई त्या सकाळी आमच्या आधीच स्टेशनावर येऊन उभी होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, काखेत एक गाठोडं.

"शालिकभाऊ, हे गाडी मुंबईच्या अंगाले जाते म्हन्तेत," ती म्हणाली. "तिकडं जानारं कोनी भेटलं त त्याच्यापाशी द्या. धोतर हाय अन् थोड्या शेवया हायेत. ह्यायले आवडतेत."

"देतो, वहिनी," मी म्हणालो. दोन वर्षांत माझी जीभ चांगली सरावली होती.

पुंजाराम मुंबईला गेला, गोदीत कामाला लागला, ही थाप मारली नत्थुजीनं. पण वाढवली मी. दर दोन-तीन महिन्यांनी मी तिच्या ओट्यावर बसून निरोप सांगायचो. अमुक व्यापाऱ्याला पुंजाराम दिसला, अंगानं भरला आहे, पावसाळा सरला की येतो म्हणाला. लबाडी करायची तर नेटकी करावी, असा माझा स्वभाव. ती गूळपाणी पुढं ठेवायची आणि ऐकून घ्यायची. उलटा प्रश्न कधी विचारायची नाही. मला वाटायचं, बाई भोळी आहे.

गाडी सुटली. लाकडी बाकं, डोळ्यांत जाणारी काजळी, प्रत्येक गावाशी रुळाकडं धावत येणारी पोरंबाळं. नत्थुजी खिडकीतून त्यांना ओरडून काहीबाही सांगत होता. समोर लेकरू घेऊन बसलेली एक बाई त्याला हसून हसून बेजार झाली. मूर्तिजापूरपर्यंत आमचा डबा म्हणजे लग्नाचं वऱ्हाड झालं होतं.

मूर्तिजापूर मागं पडलं आणि नत्थुजी बोलता बोलता थांबला.

"आयकू येऊन राहिलं का?"

चाकांचा खडखडाट, बाकांची करकर, आणि त्याखाली बैलांच्या घुंगरमाळेचा आवाज. मी बाहेर वाकून पाहिलं. रुळाच्या बाजूनं जुनी बंडीवाट चालली होती, रिकामी, धूळसुद्धा उडत नव्हती. आवाज मात्र गाडीच्या बरोबरीनं येत होता. ना मागं, ना पुढं. ही गाडी तासाला वीस मैल जाते. बैल जात नाहीत.

"डब्याच्या साखळ्या वाजत असतीन," मी म्हणालो.

जैनुद्दीननं गोदाबाईचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पुढं कोणती जागा येणार हे आम्हा तिघांना सकाळपासून ठाऊक होतं. कुणी नाव काढलं नव्हतं इतकंच.

दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, आम्ही त्या वाटेनं चार बंड्या घेऊन निघालो होतो. अमेरिकेत लढाई पेटलेली होती तोवर आमच्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव होता. मग बातमी आली की लढाई थांबते आहे, आणि जो तो खामगावच्या बाजाराकडं पळत सुटला. मूर्तिजापूरच्या पुढं पुंजारामला पटकी झाली. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, आवाज बसला. थांबलो असतो तर दोन दिवस हातचे जाणार होते. जैनुद्दीन म्हणाला, मी थांबतो, तुम्ही व्हा पुढं. मी त्याला दंडाला धरून ओढला, कारण चार बंड्या दोघांना हाकता आल्या नसत्या. रानात एक एकटा निंब होता. पुंजारामला त्याच्या बुंध्याला टेकवून बसवला, शेजारी पाण्याची घागर ठेवली आणि त्याची बंडी माझ्या बंडीच्या मागं बांधली.

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. ते अशुभ. म्हणून मी म्हणालो, "येतो, पुंजा." रीत म्हणून म्हणालो. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "या. लवकर या." त्यानं ते खरं धरलं होतं. आम्ही खामगावला पोचलो तेव्हा भाव आदल्या दिवशीच कोसळला होता. परतताना आम्ही दुसऱ्या वाटेनं आलो.

घुंगरांचा आवाज थांबला. गाडीही थांबली. स्टेशन नव्हतं. रुळावर म्हशी आल्या असं कुणीतरी म्हणालं. मला एकही दिसली नाही. बाहेर नांगरून टाकलेली काळी जमीन उन्हात रखरखत होती. लांब तो निंब होता, रुळापासून वीस साखळ्यांवर. खाली कुणीतरी बसलं होतं. पाठ बुंध्याला टेकलेली, गुडघे पोटाशी, तोंड गाडीकडं.

"कोनी बैरागी असन," मी म्हणालो.

"बैरागीच," नत्थुजी लगेच म्हणाला.

समोरच्या बाईनं वाकून पाहिलं. "कोठी? मले त नुसतं झाड दिसते, बाप्पा."

गाडी हलली. अकोल्याच्या बाजारात नत्थुजीनं हौसेनं जिलबी घेतली आणि एक घास खाऊन पुडा गाईपुढं टाकला. गाठोडं न्यायला मुंबईकडं जाणारी दहा माणसं भेटली असती; जैनुद्दीननं ते कुणाला दिलं नाही.

"बंडी करून वापस जाऊ," नत्थुजी म्हणाला.

"बंडीची वाट बी तिथूनच जाते," जैनुद्दीन म्हणाला.

दुपारच्या गाडीनं परत फिरलो. त्या बाजूच्या खिडकीकडं पाठ करून बसायचं असं न बोलताच ठरलं. बोरगाव गेलं, आणि थोड्या वेळानं गाडी मंदावली. मी पाहणार नव्हतो. पण मोजणाऱ्याची नजर, ती वळलीच.

निंब तिथंच होता, वीस साखळ्यांवर. खाली कुणी नव्हतं. मला हायसं वाटलं. मग नजर अलीकडं आली.

तो तीन साखळ्यांवर बसला होता.

उघड्या नांगरटीत. गुडघे तसेच पोटाशी. पाठ तशीच मागं टेकलेली. टेकायला मागं काही नव्हतं.

ढेकळांवर एकाही पावलाची खूण नव्हती.

"पुंजा!" जैनुद्दीन खिडकीशी उभा राहून ओरडला. "माफ कर, बाबा! माफ कर!" त्यानं गाठोडं बाहेर फेकलं आणि बाकावर बसून ओक्साबोक्शी रडू लागला. नत्थुजी डोळे गच्च मिटून होता. गाठोडं कुठं पडलं ते मी पाहिलं नाही. मी मान खाली घातली होती.

बडनेऱ्याला उतरल्यावर मी म्हणालो, "मी आज वहिनीले सांगून टाकतो."

"डोकं फिरलं का तुह्यं?" नत्थुजी म्हणाला.

"सांग," जैनुद्दीन म्हणाला. "म्या तवाच सांगाले पायजे होतं." त्याला नाल्यावर वजू करून मगरिबची नमाज पढायची होती. नत्थुजीला एकट्यानं चालायची छाती होईना, म्हणून तोही नाल्याच्या वाटेनं त्याच्यासोबत गेला. मी सडकेनं झपाझप गावात आलो. गोदाबाईची कीव आली होती असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मला फक्त मोकळं व्हायचं होतं.

ती ओट्यावर उभी होती. आत अजून दिवा लागला नव्हता. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं: पटकी, निंब, घागर, मुंबईचे खोटे निरोप. एकच गाळलं. जैनुद्दीन थांबायला तयार होता हे सांगितलं नाही, कारण मग त्याला ओढलं कुणी हेही सांगावं लागलं असतं.

तिनं आरडाओरडा केला नाही. बांगड्यांना हात लावला नाही.

"मले ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी वापस आले ना, त्याच्या आधल्या दिवशीच हे घरी आले."

मी पायरीवरून अर्धवट उठलो आणि परत बसलो.

"तुमी इथं बसून ह्यायचे निरोप सांगत जा, तवा हे माजघरात बसून आयकत. हासत बी." ती शांतपणे बोलत होती, शेजारणीशी बोलावं तसं. "म्या म्हनलं, त्यायले इचारू का? हे म्हनत, नोको. तिघातलं कोन सांगते ते पाहू. जो सांगन त्याले सोडू."

"अन् आज..."

"आज दिवसभर घरी नोयते. आत्ताच आले."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. भीती नंतर वाटली. आधी वाटलं, सुटलो.

"अन् ते दोघं?" तिनं विचारलं. "कोन्या वाटेनं येऊन राहिले?"

सडकेनं, असं सांगता आलं असतं. दोन वर्षं तिच्याशी खोटं बोललो, आणखी एक खोटं जड नव्हतं. जैनुद्दीनबद्दल गाळलेलं ते एक वाक्य तरी बोलता आलं असतं. मी दाराकडं पाहिलं. आत अंधार होता.

"नाल्याच्या," मी म्हणालो.

तिनं मान घराकडं वळवली आणि जरा मोठ्यानं, आतल्या माणसाला सांगावं तसं, सांगितलं, "नाल्याच्या वाटेनं येऊन राहिले म्हन्तेत."

मग पदर सावरून ती दाराच्या एका बाजूला झाली. ओट्याची पायरी अरुंद आहे. मीही पाय आवरले आणि बाजूला सरकलो.