तक्रार नाही

तुळजाबाई त्या दिवशी दवाखान्यात निघाली होती ती एक गोधडी आणायला. दुसरं काही काम नव्हतं. लेक जाऊन बारावा दिवस होता, पाहुणेरावळे पांगले होते, आणि लेकीच्या अंगावरची गोधडी अजून तिथंच पडली होती. जुन्या लुगड्यांची, स्वतःच्या हातानं शिवलेली. कुणी तिचं पायपुसणं केलं असतं तर तिला ते सोसलं नसतं. सकाळच्या यष्टीनं ती निघाली आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी उतरली.

हा दवाखाना शिरूर आणि दौंडच्या मधल्या एका गावातला. गावाचं नाव मी सांगणार नाही, तिथल्या कमिटीवाल्यांची नातवंडं अजून नांदतायत. साल एकोणसाठ. लोकवर्गणीचा दवाखाना होता. आसपासच्या गावांनी बैलगाड्या जुंपून फुकट दगड वाहिला, तुळजाबाईच्या नवऱ्यानंही दोन दिवस गाडी हाकली होती. पुढं तिथं कमिटी आली, कमिटीवर चेअरमन आला, आणि ज्यांनी दगड वाहिला त्यांना ओसरीत चपला काढून उभं राहायची सवय लागली.

लेकीचं नाव नकुशी. चार मुलींच्या पाठीवर पाचवी झाली म्हणून तुळजाबाईच्या सासूनं ठेवलेलं नाव. पण म्हाताऱ्या आईला जीव लावला तो ह्याच पोरीनं. पहिलटकरीण, मुलगी झाली, मागून ताप चढला तो उतरेना, म्हणून गाडीत घालून दवाखान्यात आणली. तिसऱ्या दिवशी गेली. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. तुळजाबाईनं ते मानलं. दवाखान्यात माणूस मरतंच, तिथं काही अमृत वाटत नाहीत.

तिला खाल्लं ते दहाव्यानं. भीमेच्या काठी पिंड मांडले. बाभळीवर कावळे होते, भरपूर होते, पण एक खाली येईना. जावयानं हात जोडले, "पोरीला तळहातावर सांभाळीन." कावळा हलला नाही. "दुसरं लगीन करणार न्हाई." नाही. तुळजाबाई म्हणाली, "तुझ्या लेकीला नकुशी म्हणून कुणी हाक मारायचं न्हाई, माझा शबुद हाय." तरी नाही. उन्हं तापली, वाळू पाय भाजू लागली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले. सगळे अंघोळी करून जेवायला बसले. तुळजाबाईनं ताट तसंच सरकवलं. इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग लेकीला हवं होतं तरी काय? आणि ते जन्म दिलेल्या आईला कळू नये?

दवाखान्यात कंपौंडर जालिंदर खोलीला कुलूप लावत होता. डॉक्टर अकरालाच घरी गेले होते.

"गोधडी? असेल स्टोअरात. किल्ली माझ्याकडं हाय. जेवून येतो, तीनला बघू."

"साहेब, पाच मिन्टाचं काम हाय..."

"तुमच्या पाच मिन्टापायी आम्ही उपाशी मरावं का?" असं म्हणून तो गेलाही.

तुळजाबाई ओसरीत टेकली. भर दुपारी बाराची वेळ आपल्याकडं मध्यरात्रीइतकीच वाईट धरतात, आणि ती का, ते अशा जागी कळतं. लिंबाचं पान हलत नव्हतं. फरशीतून फिनेलचा वास येत होता आणि त्याच्याखाली दुसरा एक वास होता, तापलेल्या, कोरड्या मडक्याचा. लांब दौंडाकडं इंजिनाची शिटी वाजली आणि विरली. मग काहीच ऐकू येईना. माशासुद्धा थांबल्या होत्या.

"आई... पानी."

तुळजाबाई उठली. आवाज बायकांच्या वॉर्डातून आला होता. कुणाचा, हे तिला पहिल्याच शब्दाला कळलं होतं, पण पायांनी ते कबूल करायला वेळ घेतला.

वॉर्डाच्या दारात, माठाशेजारी राहेल नर्स बसली होती. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, पस्तिशीची बाई. तिनं तुळजाबाईला ओळखलं, पण उठली नाही. आत आठ खाटा, पाच बायका. पाचही जणी जाग्या होत्या. प्रत्येकीनं आपला पाण्याचा तांब्या पोटावर घेऊन दोन्ही हातांनी गच्च धरला होता. चौथी खाट रिकामी होती, तिच्यावर पांढरी चादर ताणून घातलेली.

"मावशी, पुढं जाऊ नका," राहेल हळूच म्हणाली.

"कुणी पानी मागितलं?"

राहेलनं चौथ्या खाटेकडं पाहिलं.

"आई..." ह्या वेळी आवाज अगदी कमरेच्या उंचीवरून आला, खाटेवर निजलेलं माणूस बोलतं तसा.

तुळजाबाईनं माठातून तांब्या भरला. पोरीनं पाणी मागितल्यावर कोण आई भुताला भिते? तिनं तांब्या उशीवर तिरपा केला. पाणी पडलं... आणि चादर भिजली नाही. धार चादरीपर्यंत जायची आणि नाहीशी व्हायची. घोट गिळल्याचा आवाज मात्र येत होता. घाईचा, मधे ठसका लागणारा. तांब्या संपला. तिनं दुसरा ओतला, तिसरा ओतला. राहेल भरून देत राहिली. माठ तळाशी गेला तेव्हा आवाज थांबला. चादरीवरून तुळजाबाईनं हात फिरवला. ती तापलेली आणि कोरडी ठाक होती.

"रोज हीच वेळ," राहेल म्हणाली. "बारा दिवस झाले. ह्यांच्या तांब्यातलंसुद्धा जातं. आमच्यात असलं काही मानत नाहीत, मावशी. मी रोज प्रार्थना करते. पण माठ भरून ठेवते."

"तहानेली का हाय माझी पोर? मी तांब्या ठेवला व्हता तिच्या उशाला."

राहेलनं पदरानं तोंड पुसलं. मग सांगितलं, एकेक वाक्य ओढून काढल्यासारखं.

नकुशी गेली त्या दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला यायचे होते. चेअरमनचा हुकूम, दवाखाना कसा आरशासारखा दिसला पाहिजे. नातेवाईक पहाटेच कुंपणाबाहेर काढले. नव्या चादरी घातल्या आणि बायकांना बजावलं की कूस बदलायची नाही, चुण्या पडतात. खाटेखालचे तांबे, लोटे, मडकी, सगळी गबाळी दिसतात म्हणून जालिंदरनं गोळा केली, स्टोअरात टाकली आणि कुलूप घातलं. वॉर्डातला माठसुद्धा उचलला, खाली ओल येते म्हणून. साहेब दहाला यायचे ते आले चारला. चैत्राचं ऊन, पत्र्याचं छप्पर, अंगात ताप.

"मला पुरुषांच्या वॉर्डात घातलं होतं, हार आणि खुर्च्या लावायला. दोनदा मी जालिंदरभाऊंकडं किल्ली मागितली. म्हणाले, साहेब जाऊ द्या."

तुळजाबाईला तो दिवस आठवला. ती कुंपणाच्या भिंतीपलीकडं उभी होती, सकाळपासून चारपर्यंत. हातात भरलेला तांब्या होता. वॉर्डाची खिडकी चाळीस पावलांवर. शिपाई दर वेळी म्हणायचा, साहेब जाऊ द्या. आणि ती, सत्तावन्न वर्षांची शहाणी बाई, गप उभी राहिली होती. साहेबलोकांच्या कामात कशाला आडवं जा, असं तिला वाटलं होतं. आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"पुढचं सांगा, राहेलबाई. अजून हाय काहीतरी."

"कागद असतो एक. औषधपाणी वेळेवर मिळालं, सेवा चांगली, तक्रार नाही. खाली रोग्याचा अंगठा. साहेबांना ते कागद दाखवतात. नकुशीचा अंगठा साडेतीनला घेतला."

"मग?"

"मावशी... शेजारच्या खाटेवरची सांगते, ती दोनलाच गेली होती."

तुळजाबाई रडली नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि ओसरीत जाऊन उभी राहिली. तीनला जालिंदर सुपारी चघळत आला.

"या, गोधडी देतो तुमची."

"गोधडी ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकीचा कागुद दावा."

तो राहेलकडं बघून हसला. "तो गेला जिल्ह्याला. शेरा पण आलाय चांगला. रोगी समाधानी, असं लिहिलंय साहेबांनी. तुमच्या लेकीनं अंगठा दिलाय, बाई. आता तुम्ही कोण तक्रार करणार?"

"समाधानी मेली, तर कावळा का शिवला न्हाई?"

"ते भटाला विचारा. औषधाचं आम्हाला विचारा."

अशा माणसाला जोड्यानं हाणावं, आणि तुळजाबाईचा हात खाली गेलाही होता. तेवढ्यात वॉर्डातून आवाज आला. मोठा नाही. थकलेल्या माणसाचा, अजिजीचा.

"कंपौंडरसाहेब... हात सोडा माझा."

जालिंदरच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. त्यानं आपला उजवा हात झटकला, मग धोतराला पुसला, मग पाठीमागं लपवला. बारा दिवसांत त्यानं वॉर्डात पाऊल टाकलं नव्हतं, हे राहेलला ठाऊक होतं. का, ते आज कळलं.

"चला," तुळजाबाई म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी बोलून बघितलं. ज्याचं देणं ऱ्हायलंय त्यानं बोलायचं असतंय."

तो तिच्यामागून गेला. त्याच्यात नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. राहेलनं आपल्या डब्यातला दहीभात पळसाच्या पानावर काढला. तुळजाबाईनं ते पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं, जिथं ती त्या दिवशी उभी होती बरोबर तिथं, आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. लिंबावर कावळा येऊन बसला. ओरडला नाही.

"बोला."

"चूक झाली," जालिंदर पुटपुटला. "पुन्हा होणार न्हाई."

कावळ्यानं मान वळवली.

"पानी बंद करायला नको होतं... चेअरमनचा हुकूम होता. माझा काय इलाज?"

कावळा तसाच.

"खरं बोल," तुळजाबाई म्हणाली. आता ती त्याला अहो-जाहो करत नव्हती.

"मला वाटलं, झोप लागलीय तिला. म्हणून हात उचलला आन्..." घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मग एका दमात म्हणाला, "न्हाई. मला माहीत होतं. हात गार लागला तवाच कळलं. बोटं वळत नव्हती, मी ओढून वळवली. साहेब कुठल्याही घटकेला येणार होते. मेली म्हणून सांगितलं असतं तर तपासणी बिघडली असती. म्हणून अंगठा घेतला आन् तोंडावरून चादर सारखी केली."

कावळा खाली आला. पानाला चोच लावली, दोन घास घेतले, तांब्यात मान घालून पाणी प्यायला आणि भीमेच्या दिशेनं निघून गेला.

तुळजाबाई मटकन खाली बसली आणि तिथं, धुळीत, पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. "जा गं माझी बाय. जा सुखानं." राहेलनं तिला पोटाशी धरलं. तिच्या स्वतःच्या ओठांवर प्रार्थना होती, पण डोळे भिंतीवरून हलत नव्हते.

"झालं न्हवं?" जालिंदर म्हणाला. "सुटली न्हवं ती? मी जातो आता."

भिंतीवर दुसरा कावळा येऊन बसला होता. त्याच्या पलीकडं तिसरा. मग हळूहळू सगळी भिंतच काळी झाली, आणि एकाच्याही तोंडून आवाज नाही. पानावर भात होता. कुणी शिवत नव्हतं. सगळे जालिंदरकडं बघत होते.

राहेलनं अगदी खालच्या आवाजात विचारलं, "जालिंदरभाऊ... अशा किती जणींचा अंगठा घेतला होता?"

तो पळणार होता. एक पाऊल टाकलंही. पण उजवा हात कुणीतरी धरल्यासारखा मागं राहिला, आणि त्याच्याबरोबर तोही.

"कस्तुराबाई," तो म्हणाला. एक कावळा पानावर उतरला, शिवला, गेला. "मागच्या आखाडात. रंगुबाई... तिचं नाव रंगुबाईच होतं. भागुबाई, केडगावकडची." एकेक नाव, एकेक कावळा. काही नावं त्याला आठवेनात, तेव्हा तो खाटेचा नंबर सांगायचा. कावळे नंबराला हलत नव्हते. नाव आठवेपर्यंत बसून राहायचे. ऊन कललं. तुळजाबाईची यष्टी केव्हाच गेली होती. राहेल पानावर पुन्हा भात घालत होती आणि तांब्या भरत होती.

शेवटी जालिंदर गुडघ्यावर आला. "संपली. लेकराची शपथ, आता कुणी न्हाई ऱ्हायलं."

भिंतीवर एक कावळा उरला होता.

"आठव," तुळजाबाई म्हणाली.

"न्हाई वं, आई. खरंच न्हाई. मेलेल्या सगळ्या सांगितल्या."

तो खोटं बोलत नव्हता. कावळा त्याच्याकडं बघतच नव्हता. भाताकडंही नाही. त्याची मान वॉर्डाच्या खिडकीकडं वळलेली होती, आणि आत खाटांवर पाच जणी होत्या, अजून तरी पाचही जित्या, आणि त्यांचा माठ दुपारीच तळाला गेला होता.

राहेलनं भिंतीवरचा तांब्या उचलला आणि ती आत धावली.