तलाठीबाईंचं गाऱ्हाणं

रसिका शाळेच्या पडवीत शिरली ती नखशिखांत भिजून. डोक्यावर पिशवी, चपला हातात. कुणीतरी तिच्यापुढे पेजेचं ताट धरलं.

"गरम आसा, जपान धरा." हातात पळी घेतलेला एक उंच तरुण विचारत होता, "घरात किती माणसां तुमची?"

"मी... एकटीच."

"एकटीच?" पळी थांबली. "मग तू आमच्याकडे रव. आई आसा घरात, भिया नको."

रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. रसिकाने पिशवीतून ओळखपत्र काढलं. "मी नवी तलाठी. सोलापूरची. आजच रुजू झाले."

त्याचे कान लाल झाले. "मी देवेश... पेज तरी घ्या. तलाठ्यांनाही भूक लागत असेल ना?"

तिने घेतली. आणि बघा, तिथूनच सगळं सुरू झालं.

घाटाखालच्या एका वाडीवरच्या डोंगराला भेग पडली होती. तेरा कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी या खाडीकाठच्या गावात आली, शाळेत राहिली. देवेशची पर्यटकांची होडी श्रावणात किनाऱ्यावर पालथी. म्हणून तो दिवसभर इथेच. त्यांतल्या सुभद्राआजीला चुलीचा धूर सोसत नाही, तेव्हा वारा फिरला की हा तिचं अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात हलवी. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. रसिका यादी लिहिता लिहिता ते बघत राही, आणि एकाच माणसाचं नाव दोनदा लिही.

"काय लिहिताय एवढं?" तो वाकून बघे.

"विस्थापितांची यादी."

"पावणे लिवा."

"पाहुणे असा रकाना नसतो."

"मग तुमच्या कागदाकच जागा कमी आसा," तो म्हणे, आणि तिच्या कोऱ्या चहात न विचारता गवती चहाची पात टाकून जाई.

पंधराव्या दिवशी तालुक्याहून फोन आला. सोमवारी शाळा भरणार. कोणतं कुटुंब कुणाच्या घरी राहील ते गावाने संध्याकाळपर्यंत लिहून दिलं तर ठीक. नाहीतर उद्या गाड्या येतील. मग कुडाळकडचं एक गोदाम, पुरुष एका बाजूला, बायका-मुलं दुसऱ्या.

रसिकाने फोन ठेवला. 'तुमची ताटातूट होऊ देणार नाही,' असा शब्द तिने सुभद्राआजीला दिला होता. नोकरीतला पहिला शब्द.

"ग्रामसभा बोलवायला हवी," ती देवेशला म्हणाली.

"वरची वाडी आणि खालची वाडी तीन वर्षं एका सभेला बसलेल्या नाहीत. देवळात बोलवा. गाऱ्हाणं घालू, म्हणजे सगळ्या गावाचं देवाकडे मागणं. देवापुढे नाही म्हणायची कुणाची छाती नाही... पण तुमच्या कार्यालयाला चालेल?"

"सह्या हव्यात. कुठे बसून घ्यायच्या, ते कुठेच लिहिलेलं नाही."

देवेश तिच्याकडे बघतच राहिला. "आमचे मानकरी दाजी मागणं मागतील. प्रत्येक वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं."

"मला त्यातलं काही कळणार नाही."

"आवाज मोठा ठेवा, बस."

चार वाजता देऊळ भरलं. दोन वाड्या दोन बाजूंना, मध्ये दाजी. रसिका कागद मांडीवर घेऊन बसली.

"बा देवा म्हाराजा! ह्या पावण्यांचो डोंगर फुटलो, पण मन फुटाक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वरच्या वाडीत सात घरां, खालच्या वाडीत सहा, ह्यांच्यासाठी उघडी रवांदे रे म्हाराजा!"

वरच्या वाडीने ओ दिली. खालची गप्प. रसिकाचं पेन थांबलं. खालच्या वाडीतून देवेशची आई, काशीबाई, कमरेवर हात ठेवून उठली.

"सहा कित्याक? म्हंजे माझोच उंबरो तेवढो मोकळो? त्येंका सात आणि आमका सहा?"

"कुटुंबांच तेरा आसत गो!" दाजी म्हणाले.

"ता माका सांगा नको!"

देऊळ हसलं, आणि त्या हसण्यातच खालच्या वाडीचं "व्हय म्हाराजा" दणक्यात आलं. रसिकाने डोळे टिपले आणि भराभर घरांची नावं लिहू लागली. दाजींनी तिच्याकडे बघितलं, मग काशीबाईकडे, आणि पुन्हा हात जोडले.

"तसाच रे म्हाराजा, ही तलाठीबाय गावात एकटीच रवता. तिका काशीबायच्या घराक दी, आणि देवेशाक जल्माची सोबत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रसिका लिहिता लिहिता, मान वर न करता, मोठ्याने म्हणाली.

एकटीच. बाकी देऊळ चिडीचूप... आणि मग असा हशा उसळला, की घंटेवरची चिमणी उडाली.

सह्या झाल्या. कागदाचा फोटो तालुक्याला गेला, फोनवर होकार आला. सुभद्राआजी रसिकाच्या गालावरून हात फिरवून गेली. मग रसिका देवळाच्या पायरीवर देवेशपाशी येऊन बसली.

"मघाशी मी कशाला हो म्हटलं?"

"दाजींची मस्करी... मनावर घेऊ नका."

"देवेश."

त्याने खाडीकडे बघत, अडखळत, शुद्ध मराठीत सगळं सांगितलं. शेवटचे शब्द तर पावसानेच ऐकले असतील.

ती उठली, आत गेली.

"दाजी, ते शेवटचं परत म्हणा."

"कित्या गो बाय?"

"मघाशी न कळता म्हटलं होतं."

देवेश दारातच खिळला. दाजींनी मिशीत हसून हात जोडले, एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"व्हय..." या वेळी तिचा आवाज अगदी हळू होता. पुढचा शब्द तिने उच्चारण्याआधीच मागून कुणीतरी तो पुरा केला.

"...म्हाराजा."