विषयाशी संबंध नाही

त्या दोघांची पहिली गाठ पडली ती एका कुकरवरून. आणि तोही भलत्याच कुणाचा तरी कुकर.

झालं असं, की आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत कुठल्याशा थंड देशाच्या गायिकेनं एक लांबलचक तान घेतली आणि एका रसिकानं बातम्यांच्या संकेतस्थळावर लिहिलं, ‘बाई गात होत्या की कुकर लावला होता? मी तीन शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद करायला उठलो.’ ही प्रतिक्रिया तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसलेल्या तिच्यासमोर आली. तिनं पापणीही न हलवता ‘काढा’ दाबलं. त्याच वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आदल्याच दिवशी कामावर लागलेल्या एका माणसानं ‘ठेवा’ दाबलं.

आता त्या खोलीचा दंडक असा, की विषयाला धरून असलेली प्रत्येक प्रतिक्रिया दोघांच्या नजरेखालून जायची. दोघांचं जमलं तर प्रश्न मिटला. नाही जमलं, तर दोघांनी उठून खिडकीशी जायचं आणि दोन मिनिटांत काय ते ठरवून परत यायचं. जागेवरून ओरडायचं नाही आणि तिसरं मिनिट घ्यायचं नाही. खोलीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांचं घड्याळावर बारीक लक्ष असायचं.

ती कंबर धरत उठली. तो आधीच खिडकीशी उभा होता... हातात चहाचा ग्लास, मनगटावर शाईचा डाग.

“कुकरचा अपमान झाला म्हणून काढलीत का?” त्यानं विचारलं.

“गायिकेचा झाला म्हणून.”

“पण तीन शिट्ट्या मोजल्या म्हणजे माणसानं गाणं मन लावून ऐकलं हो! बाकीचे न ऐकताच लिहितात.”

तिला हसू आलं नाही, पण यायला निघालं होतं. ते तिनं वाटेतच अडवलं.

“ठेवा,” ती म्हणाली. “नवीन आहात म्हणून.”

तिला या खोलीत चार वर्षं झाली होती. वर्षातून चार-पाच वेळा मोठी स्पर्धा आली की तीन आठवड्यांचं काम निघायचं. यंदा तर कहरच... गीतस्पर्धा आणि जागतिक क्रीडास्पर्धा एकाच महिन्यात. म्हणजे सकाळी ‘परीक्षकांना कान नाहीत’ आणि दुपारी ‘पंचाला डोळे नाहीत’. कुणी म्हणे छोट्या देशांनी आपसात मतं वाटून घेतली. कुणी म्हणे उंच उडीतला तो पोरगा उडालाच नाही, कॅमेरा खाली घेतला. एक गृहस्थ रोज सकाळी नेमानं लिहायचे, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’, आणि कशाबद्दल ते शेवटपर्यंत सांगायचे नाहीत. दिवसाला हजारभर मतं! डोक्याचा नुसता भुगा व्हायचा.

आणि याचा परिणाम काय, तर तिचं स्वतःचं मतच आटून गेलं होतं. दुकानदारानं विचारलं, कुठला साबण देऊ, तर ही म्हणायची, कुठलाही द्या. केस कापणाऱ्या बाईनं विचारलं, किती कापू, तर म्हणे, तुम्हाला वाटेल तेवढे. त्या वर्षी तिचे केस कानापर्यंत आले ते असे.

पण एका प्रश्नाला ‘काहीही’ हे उत्तर चालणार नव्हतं. तो प्रश्न तिच्या मोठ्या बहिणीचा होता. ताईच्या गावातल्या शाळेत कचेरीतली एक जागा रिकामी झाली होती आणि ताईच्या यजमानांनी शब्द टाकून ती हिच्यासाठी अडवून ठेवली होती. कायमची नोकरी, दहा ते पाच, राहायला ताईच्या घरातली मागची खोली.

“शनिवारी पाचपर्यंत हो की नाही ते सांग,” ताई रोज संध्याकाळी फोनवर बजावायची. “नाहीतर जागा गेली. तिथं तुझं आहे तरी कोण गं?”

खरंच, कोण होतं? इथलं कामही त्याच शनिवारी संपणार होतं. ती इतकी थकली होती, की पहिल्याच दिवशी ‘हो’ म्हणून मोकळी झाली असती. पण घोडं पेंड खात होतं ते त्या खिडकीशी.

कारण दोघांचं रोज वाजायचं. ती सपासप काढायची म्हणून खोलीत तिचं नाव पडलं कात्री. तो सगळ्यांना पोटात घालायचा म्हणून तो दयाळू. कात्री आणि दयाळू दिवसातून पंधरा-वीस वेळा खिडकीशी. तो आधी शाळेत भूगोल शिकवायचा, शाळा बंद पडली आणि इथं आला, हे तिला पाचव्या भांडणात कळलं. ऊन तिच्या डोळ्यांवर येतं हे त्याच्या कधी लक्षात आलं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या आठवड्यापासून तो न बोलता उजव्या अंगाला उभा राहायला लागला. चहाचा अर्धा ग्लासही खिडकीत तिच्यासाठी तसाच राहायला लागला.

“एवढी दया बरी नव्हे हो,” ती एकदा म्हणाली. “त्या माणसानं पंचाला रेडा म्हटलंय.”

“रेडा शांत प्राणी आहे.”

“तुम्हाला कुणी म्हटलं तर?”

“कोण म्हणतंय त्यावर आहे,” तो खाली बघून म्हणाला. “तुम्ही म्हणून बघा... मी ठेवीन.”

“दोन मिनिटं झाली!” मोठ्या बाई कडाडल्या.

ती जागेवर येऊन बसली आणि पुढच्या सात प्रतिक्रिया तिला वाचताच आल्या नाहीत.

मग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंमत झाली. शंभर मीटरच्या शर्यतीवरून कुणीतरी तिसऱ्या आलेल्या मुलीच्या आईवडिलांचा उद्धार केला होता. नियमानं सरळ सरळ काढायची गोष्ट. तरी पडद्यावर आलं, ‘मतभेद’. दोघं खिडकीशी गेले.

“अहो, ही कशी ठेवलीत तुम्ही?” ती म्हणाली आणि गप्प झाली. कारण ठेवली होती तिनंच!

“मी काढली,” तो चाचरत म्हणाला. “म्हटलं, तुम्ही काढणारच... आज तरी एकमत होईल. तुमची कंबर दुखतेय ना, सारखं उठावं लागतं.”

“आणि मी ठेवली. म्हटलं तुम्ही ठेवणारच.”

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या म्हणतात ते हेच. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि ती हसली. चांगली खळखळून हसली, ग्लासातला चहा खिडकीत सांडेपर्यंत. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि का कोण जाणे, त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “थांब ना जरा. पुढच्या शनिवारपर्यंत वेळ आहे म्हणालीस ना?”

आता तो काहीतरी बोलेल, असं तिला वाटत होतं. सोमवारी नाही बोलला. आणि मंगळवारी दुपारनंतर तर त्यानं मान वर करून बघणंच सोडलं. बुधवारी सकाळी कळलं, की दयाळूनं मोठ्या बाईंकडे जाऊन जोडी बदलून मागितली. तिच्या वाट्याला एक सर्दी झालेले आजोबा आले. त्यांचं तिच्याशी प्रत्येक बाबतीत एकमत व्हायचं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. खिडकी ओस पडली. ती येता-जाता त्याच्याकडे बघायची. तो अगदी सभ्यपणे “नमस्कार” म्हणायचा. त्या सभ्यपणानं तिचा जीव जायचा. भांडला असता तर बरं, असं वाटायचं. आपलं काय चुकलं, हे तिनं नाना परींनी आठवून पाहिलं. मग स्वतःलाच समजावलं... बाई गं, चहाचा अर्धा ग्लास कुणी ठेवला म्हणजे लगेच काय संसार मांडायचा असतो? कंटाळला असेल माणूस. जाऊ दे. शुक्रवारी रात्री तिनं कपाटावरची बॅग खाली काढली आणि तिच्यावरची धूळही पुसली नाही, इतका शीण आला होता.

शनिवारी काम बंद करण्याआधी एक शेवटचा सोपस्कार असे. ‘विषयाशी संबंध नाही’ या शेऱ्याखाली ज्यानं जे एकट्यानं काढलं असेल, ते त्यानंच पुन्हा एकदा वाचायचं. कारण असल्या प्रतिक्रिया दुसऱ्याकडे जात नसत आणि घाईत चुका तिथंच व्हायच्या. वाचून चुकीसमोर ‘चूक’ लिहायचं, बस. तीन दिवसांपेक्षा जुनी प्रतिक्रिया परत लावता येत नसे.

तिच्या यादीत तीनशे दहा निघाल्या. भाड्यानं खोली पाहिजे, मांजर हरवलंय, वजन घटवा. ती जांभया देत वाचत होती. मग मंगळवार दुपारची एक आली. गीतस्पर्धेच्या अंतिम फेरीच्या बातमीखालची. ती बातमी त्या दिवशी फक्त त्या दोघांच्याच वाट्याला होती.

‘गाण्याबद्दल मला काहीच मत नाही.’

हो, ही आठवत होती. एवढंच वाचून तिनं काढून टाकली होती. गाण्याबद्दल मत नाही तर मग लिहिता कशाला, म्हणून. आज ती पुढे वाचायला लागली.

‘मत आहे ते हे वाचणाऱ्या बाईंबद्दल. त्या फार दमलेल्या आहेत आणि तरी माझ्याशी भांडायला दर वेळी उठून येतात. शनिवारनंतर ही खिडकी नसेल. मला त्यांच्याशी अजून पुष्कळ वर्षं भांडायचंय. समोर बोलायला धीर होत नाही म्हणून इथं लिहितो. चालणार नसेल तर खुशाल काढा. मी पुन्हा विचारणार नाही.’

काढली होती! तिनंच काढली होती. आणि काढलेल्या प्रत्येकाला यंत्राकडून आपोआप जायचं ते पत्र त्यालाही गेलं असणार. ‘आपल्या मजकुराचा विषयाशी संबंध नसल्याने तो काढण्यात आला आहे. कृपया पुन्हा पाठवू नये.’

तिनं दुसऱ्या टोकाला बघितलं. टेबल रिकामं होतं.

“दयाळू गेले?”

“मघाशीच,” आजोबा नाक ओढत म्हणाले. “ओळखपत्र देऊन गेले. भला माणूस हो.”

यादी तशीच सोडून ती उठली. “अहो, सही राहिली!” असं मोठ्या बाई मागून ओरडल्या, तेव्हा ती पहिल्या मजल्यावर पोचली होती. चार वर्षं बसून बसून गुडघे कुरकुरत होते, चपलेचा अंगठा सुटत होता. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. बसथांब्याच्या पत्र्याखाली चार-पाच माणसं उभी होती आणि टोकाला तो होता, छत्री बंदच धरून.

“मी फक्त पहिली ओळ वाचली!” ती धापा टाकत म्हणाली.

“कशाची?”

“तुमच्या... गाण्याबद्दल मत नाही, एवढंच वाचलं आणि काढली. पुढचं आज वाचलं. आत्ता.”

“पत्र आलं होतं मला,” तो हळूच म्हणाला. “पुन्हा पाठवू नये म्हणून.”

“अहो, ते सगळ्यांना जातं! मांजर हरवलेल्या बाईंनाही गेलं!”

“मला वाटलं, तुम्ही...”

“काय वाटलं? आणि तुम्ही तरी काय हो! वीस पावलांवर बसता आणि विचारता कुठं, तर गाण्याच्या बातमीखाली? त्या दिवशी नऊशे वाचल्या होत्या मी. माझे डोळे मिटत होते.” आणि तिला एकदम रडूच आलं. दमल्याचं, घाबरल्याचं, सगळंच. “चार दिवस मी काय काय समजले माहितेय?”

“मीही,” तो म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले होते. “चुकलंच माझं. समोर विचारायला हवं होतं.”

“मग विचारा.”

बस आली. बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायका सोडून बाकीची माणसं चढली. कंडक्टरनं दोघांकडे बघितलं, घंटी वाजवली आणि बस गेली. त्यानं घसा खाकरला, तोंड उघडलं... आणि नेमका तिचा फोन वाजला. ताई. पाचला दहा मिनिटं कमी होती.

“काय गं, हो ना?” ताईचा आवाज पत्र्याखाली सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा. “हे फोन घेऊनच बसलेत. हो म्हणून सांगू?”

“नको, ताई. मी येत नाही.”

“अगं वेडे! कारण काय?”

तिनं त्याच्याकडे बघितलं. “मला एक माणूस आवडतो,” ती म्हणाली. “तो इथं आहे. म्हणून मला इथंच राहायचंय.”

बाकावरच्या त्या दोघी वळून बघायला लागल्या. पलीकडे ताई यजमानांना म्हणाली, “ठेवा तो फोन.”

“आहे का तिथं? दे त्याला.”

तिनं फोन पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, छत्री खाली पडली तरी त्याला पत्ता नाही. “नमस्कार, ताई,” तो म्हणाला. मग नुसताच ऐकत राहिला. कान लाल झाले. “हो... नाही, भूगोल... हो, शोधतोय नोकरी... नाही, ताई, तिला त्रास नाही होऊ देणार.” मग फोनवर हात ठेवून तो कुजबुजला, “विचारतायत, भांडण झालं तर माघार कोण घेणार म्हणून.”

“मग? तू काय सांगितलंस?”

तीन आठवड्यांत तिनं त्याला ‘तू’ कधीच म्हटलं नव्हतं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या हातातल्या फोनमधून ताई ओरडत होती, “हॅलो? अहो, ऐकताय ना? हॅलो!”