सरदारांची तलवार आणि फौजदारांची सुपारी

खंडेनवमीच्या सकाळी चौकीत फोन वाजला, तेव्हा फौजदार मानसिंग बंदुकांच्या पूजेसाठी अंघोळ करून बसले होते. संग्रहालयातली तलवार गेली होती.

साताऱ्याला राजधानी म्हणतात. राज्य गेलं, राजधानीपण तेवढं उरलं. ते बघायला सहली येतात.

काचपेटीचं कुलूप शाबूत होतं. आत मखमलीवर तलवारीचा वळ, त्यावर एक सुपारी आणि चार तांदूळ. मानसिंगांनी विचार करता करता सुपारी उचलली, खिशातल्या अडकित्त्यानं कातरली आणि तोंडात टाकली. सवयच तशी.

"किल्ल्या किती?"

"दोन," समितीचे अध्यक्ष नानासो म्हणाले. "एक कराडला माझ्या घरी. दुसरी ह्या मौलाकडं. काचा पुसतो त्यो."

तलवार नानासोंच्याच सरदार घराण्यातली. गेल्या शिमग्यात त्यांनी ती दान दिली. पितळी पाटीवर त्यांचं नाव तलवारीपेक्षा लांब होतं.

"सायेब, म्याच तर फोन केला," मौला म्हणाला. "म्या कशाला घिऊ?"

"समदे असंच म्हणत्यात. चल रं."

दोन किल्ल्यांत गरिबाची किल्ली आधी दोषी ठरते. मौला चौकीच्या बाकावर बसला. नानासोंना चहा आला. मौलाकडं न बघताच त्यांनी तो संपवला आणि घरी पूजा आहे म्हणून घाईनं निघाले.

हवालदार गुंडा बंदुका मांडत होता. एक दुरुस्तीला गेलेली. तिच्या जागी त्यानं अक्षता टाकून सुपारी ठेवली.

"ही कशाला रं?"

"आवं, बंदूक हितं न्हाई म्हणून तिचा मान चुकवायचा व्हय?"

मानसिंगांच्या तोंडातला चोथा कडू झाला.

दुपारी कराडात नानासोंच्या माजघरात तलवार दिसली, झेंडूची माळ घातलेली. नानासोंचे वडील, दृष्टी गेलेले सुभेदार आबा, तिच्या मुठीवरून हात फिरवत होते. मानसिंगांनी नानासोंना अंगणात घेतलं.

"विकायला नेणारा मागं सुपारी मांडंल का? ही मांडणारा तलवारीला मानणारा. आज पूजा करून परत ठेवणारा. मौलाची किल्ली सोडली तर उरली तुमची."

"दान दिल्याचं आबांना सांगितलंच न्हाई," नानासो म्हणाले. "दर नवमीला चाचपून बघत्यात. समितीकडं मागितली असती, तर बोभाटा झाला असता."

"आन् मौला बाकावर बसला तवा?"

नानासोंनी हळूच विचारलं, "ती सुपारी कुठाय?"

"खाल्ली."

मानसिंगांनी अडकित्ता खिशात आणखी खोल सारला.

संध्याकाळी नानासोंनी तलवार चौकीत आणली आणि सगळ्यांदेखत मौलापुढं हात जोडले. ते गेल्यावर मानसिंगांनी विचारलं, "सुपारी तूबी बघितलीस. बोलला का न्हाईस?"

मौला उठला, बसून आखडलेले गुडघे चोळले.

"बोलणारच हुतो, सायेब. तवर तुमी खाल्लीसा. पुरावा सायबाच्या तोंडात असल्यावर आमी कुटं बोट दाखवायचं?"