आजींच्या मुठीत

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलेली. तुम्हाला थाप वाटली तर खुशाल वाटू दे, पटवून मला काही बक्षीस मिळणार नाहीये.

आणि आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही, गेलेली वीज नाही. भर दुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं, समोर टायरवाल्याच्या दुकानात ठोकाठोक चाललेली. भुतांना रात्रच लागते असं कुणी ठरवलं कोण जाणे!

फक्त जेवत असाल तर नंतर वाचा.

वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे. ती जिथे जाते तिथे कुणी बरं व्हायला येत नाही. ज्यांच्यावरचे उपचार संपलेत अशा माणसांचे शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून चालवलेली जागा आहे ती. दहा-बारा खोल्यांची बैठी इमारत.

"मरणाऱ्या माणसाकडून कसला व्यायाम करून घेतेस गं?" असं मी एकदा विचारलं होतं. वहिनी म्हणाली, "व्यायाम नाही. कुशीवर कसं निजवायचं, उशी कुठे दिली की पाठ दुखत नाही, आखडलेला गुडघा सैल कसा करायचा, एवढंच. जाईपर्यंत दुखू नये ना माणसाला."

पोट मात्र तिचं पोलादी. जखमा, पू, ओकाऱ्या, सगळं बघून येते आणि सरळ ताटावर बसते. घरी दादाने सक्त ताकीद दिलीय, जेवताना कामाचं बोलायचं नाही.

त्या वेळी कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी आल्या होत्या.

आजींना काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. तेव्हापासून उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. आता दुसऱ्याच आजाराने शेवट जवळ आला होता. बोलणं जवळजवळ बंद. डावा हात सुजून टम्म, नुसतं बोट लागलं तरी कळवळायच्या.

त्यांची लेक रोज ऑफिस सुटल्यावर यायची. तिने वहिनीला एकच गोष्ट मागितली.

"लहानपणी रस्ता ओलांडताना आई माझा हात इतका दाबून धरायची की बोटं दुखायची. मी चिडायचे. आता एकदा, फक्त एकदा तसा धरू दे तिला. उघडेल का हो ती मूठ?"

"बघते," वहिनी म्हणाली. ती खोटी आशा कधी दाखवत नाही. पण त्या पोरीचा चेहरा बघून तिला नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने कोमट पाण्याचं भांडं घेतलं आणि आजींच्या शेजारी बसली. अशी मूठ बोटं ओढून उघडायची नसते. आधी मनगट खाली वाकवायचं, मग पकड आपोआप ढिली होते. मग एकेक बोट, हळूहळू.

मूठ जेमतेम किलकिली झाली...

आणि वास आला.

मिटलेल्या मुठीला वास येतोच. घाम साचतो, कातडी कुजते. वहिनीने असे कितीतरी हात धुतलेत. पण हा वास त्यातला नव्हता. गटारात फुगलेल्या मेलेल्या उंदरासारखा. गोडसर... आणि ओला.

आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला कामावर उमासा आला.

तळवा पांढराफटक, लिबलिबीत. रेघांमध्ये करडा चिकट थर. तिने तोंड घट्ट मिटलं, पुसून पुसून तो काढला, हात कोरडा केला आणि मऊ कापडाची गुंडाळी मुठीत दिली, म्हणजे नखं रुतणार नाहीत. आजींची मूठ त्या गुंडाळीवर लगेच गच्च बसली.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी पलंगाखाली पडलेली.

चिंब. बुळबुळीत. उचलली तर तार सुटली.

"आजींच्या हातातलं कुणी काढलं?" वहिनीने सिस्टरला विचारलं.

"कोण काढणार? त्या मुठीतून काढून तर दाखवा!"

खोली झाडणाऱ्या मावशी दारातूनच बोलल्या, "ताई, मी घाणीला भिणारी बाई नाही. या खोलीतलं सगळं करते. तो हात तेवढा मला सांगू नका." आणि झाडू घेऊन चालत्या झाल्या.

"कामचुकारपणा, दुसरं काय!" वहिनी पुटपुटली.

मग तिने आजींचा हात उजेडात धरला.

हाताच्या मागच्या बाजूला खळगे होते. चार एका ओळीत... आणि एक, जरा दूर, अंगठ्याच्या बाजूला.

कुणीतरी हा हात दाबून धरलेला होता. बराच वेळ.

वहिनीने पुन्हा हात स्वच्छ केला, पुन्हा नवी गुंडाळी दिली. या वेळी मात्र ती गेली नाही. खिडकीपाशी उशीचा अभ्रा बदलत उभी राहिली. बाहेर टायरवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. आजी झोपलेल्या.

पच्...

वहिनीने मान वळवली.

गुंडाळी जमिनीवर.

आजींची बोटं मिटत होती. पण पूर्ण मिटली नाहीत. अर्ध्यातच थांबली, गोल. जसा आपण कुणाचा तरी हात हातात घेतो, तशी.

मध्ये काहीच नव्हतं. ऊन थेट त्या पोकळीत पडलेलं. काही असतं तर दिसलं असतं.

वहिनी पलंगाशी आली. स्वतःलाच वेड्यात काढत तिने आपलं बोट त्या पोकळीत घातलं...

बोट आत गेलंच नाही. मांसाला टेकलं.

थंड. पाण्यात राहून राहून फुगलेलं. तिने जरा दाबलं, तर वरची कातडी बोटाखालून सरकली, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी. आतून काहीतरी पाझरलं आणि तिच्या नखात गेलं.

"शी! शी! शी!"

बोट झटकन मागे घेतलं तिने. आणि आजींनी डोळे उघडले.

"काढ," आजी म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिला शब्द.

"काय काढू, आजी?"

"ओलं आहे... काढ."

मी असते तर पळाले असते. वहिनी पळाली नाही. म्हाताऱ्या जिवाला त्रास होतोय, एवढंच तिला दिसत होतं. तिने श्वास रोखला, न दिसणाऱ्या त्या लिबलिबीत गोळ्यात दोन्ही हातांची बोटं खुपसली आणि ओढलं. ते सुटेना. पुन्हा ओढलं. चिखलातून पाय निघताना होतो तसा आवाज झाला...

सुटलं.

आजींची बोटं आपोआप उलगडली. पाचही. वर्षानुवर्षांचा ताठरपणा गेला कुठे कळेना. आजींनी लांब श्वास सोडला.

वहिनी बेसिनकडे धावली, ओकली, आणि कोपरापर्यंत हात घासत राहिली. आनंदही झाला होता तिला, खोटं कशाला सांगू? मूठ उघडली होती. लेकीला आता आईचा हात धरता येणार होता.

हातातून सुटलं... पण मग गेलं कुठे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

लेक त्या दिवशी लवकर आली. ऊन अजून उतरलं नव्हतं. उघडलेला हात पाहून ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. "घेऊ का हातात? दुखणार नाही ना?"

"घ्या की!" वहिनी म्हणाली. स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

लेकीने हात पुढे केला, डोळे मिटले.

"आई..." तिचा आवाज फुटला. "अहो, दाबतेय! आई हात दाबतेय माझा! अगदी तसाच!"

वहिनीने पाहिलं.

आजींची बोटं चादरीवर सैल पसरलेली होती. हलत नव्हती.

लेकीचा हात त्यांच्या हाताला लागलाच नव्हता. वीतभर वर होता. अधांतरी. आणि त्याच्या मागच्या बाजूला, कातडीत... खळगे पडत होते. चार. मग एक.

तिच्या मनगटावरून काहीतरी करडं ओघळून चादरीवर टपटपत होतं.

आजी जाग्या होत्या. त्या वहिनीकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या. नाही... नाही...

वहिनीने तोंड उघडलं. पण काय सांगणार? ज्या पोरीला जन्मभर पुरेल एवढं सुख मिळतंय, तिला सांगायचं की बाई, तो तुझ्या आईचा हात नाही, सोड?

तेवढ्यात आजींची मान एका बाजूला कलली. त्या गेल्या होत्या. लेक डोळे मिटून तशीच हसत बसली होती.

वहिनी बोललीच नाही.

ती लेक अजून अधूनमधून वहिनीला फोन करते. आभार मानते. मागच्या वेळी मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता.

"तुमच्यामुळे मिळालं हो मला ते," ती म्हणत होती. "हात जरा ओला होता, बुळबुळीतच म्हणा ना. पण आईच्या हाताची कसली किळस?"

वहिनी नकळत आपलं बोट पुसायला लागली.

"आणि सांगू? हसाल तुम्ही. अजूनही झोप लागता लागता ती हात धरते. म्हणून मी रोज हात उघडा ठेवूनच झोपते. हल्ली सकाळी बोटं जरा आखडतात, तेवढंच."

वहिनी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून बेसिनकडे गेली.

मी भडकले. म्हटलं, "अगं, सांग ना तिला! हात झाकून झोप म्हणावं!"

वहिनी तोंड पुसत म्हणाली, "मग तू सांग. नंबर देते. आईचा हात धरू नकोस असं तू सांग तिला."

नंबर दिलाय तिने मला. बरेच दिवस झाले.

मी अजून फोन केलेला नाही.